अपेक्षा : अनुरूप

पालघर,
२४ सप्टेंबर २०२५

खंडेराव भावोजींना सप्रेम नमस्कार.

पितृपक्ष संपायची वाट बघत होते. परवा घट बसले, आता लिहायला हरकत नाही. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला मी दळणाचं बोलत होते आणि तुम्ही ‘मरण कुणाचं?’ म्हणून विचारत बसलात. तेव्हापासून तुमच्याशी पत्रानंच बोलायचं ठरवलंय.

कारण असं की, सोबत वैभवीचा बायोडाटा पाठवतेय. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्या भाग्येशनं करून दिला. त्याच्याकडे सगळे तयार असतात, नाव-गाव तेवढं बदलतो. फोटो गेल्या वर्षीचा आहे, पण पोरगी अजून तशीच दिसते. पत्रिका मागाहून पाठवीन, ती गावाकडे जाऊबाईंच्या ट्रंकेत राहिलीय.

तुमच्या दादांना जाऊन तीन वर्षं होतील. ते असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. तुमच्याकडे चार कंपन्यांतल्या माणसांची ये-जा असते. बोईसर-तारापुरात कुठे जमलं तर पोर डोळ्यांसमोर राहील. सांगली-कराड आता नको वाटतं. आमच्या मोठ्या अपेक्षा नाहीत. माणसं चांगली असावीत, तिला सांभाळून घेणारी. सत्ताविसावं लागलं भावोजी. जिन्यात बायका विचारतात, काय, जमतंय का कुठं? मी हसते आणि वर येते. दिवाळीच्या आगेमागे मार्गी लागलं तर मी मोकळी होईन. एवढं मनावर घ्या.

तुमची वहिनी,
चंद्रकांता

*

बोईसर,
२९ सप्टेंबर २०२५

चंद्रकांता वहिनींना साष्टांग नमस्कार.

पत्र आज पोचलं. पालघरहून बोईसरला यायला त्यानं इतके दिवस कुठे काढले देव जाणे, चालत आलं असतं तरी आधी पोचलं असतं.

बायोडाटा वाचला. मी स्पष्ट लिहिणार आहे, राग मानू नका. रिटायर झालो तरी माझ्या टेबलावर रोज बायोडाटे येतात आणि त्यातले निम्मे ह्याच वळणाचे असतात, म्हणून मला आता हसूसुद्धा येत नाही. सुरुवातीला गणपती. गणपतीला माझा विरोध नाही, पण वाचणाऱ्याकडे अर्धं मिनिट असतं, त्यातलं निम्मं दर्शनात जातं. त्याखाली रास, नक्षत्र, देवक. मग रंग गोरा, उंची पाच फूट दोन इंच. उंची पोलीस भरतीत विचारतात. रंग कुणी विचारत असेल तर तिथं पोरीला पाठवू नका. मग मामेकुळ. मामांना कोण बघणार आहे? शिक्षण आणि अनुभव शेवटून दुसऱ्या ओळीत, तेही बारीक अक्षरात. म्हणजे मुलगी काय करते, हे सोडून सगळं कळतं.

शेवटी लिहिलंय, ‘अपेक्षा : अनुरूप’. अनुरूप म्हणजे किती? आकडा घाला, नाहीतर ओळ काढून टाका. आपण आकडा सांगितला नाही की समोरचे स्वस्तात गुंडाळतात.

पत्रिका लवकर पाठवा, तिन्ही वर्षांच्या. गुण साठच्या वर असतील तर ठळक लिहा, कमी असतील तर लिहू नका. खोटं मात्र लिहू नका.

आणि आधीचं ठिकाण का सुटलं? दादांच्या वर्षश्राद्धाला मला कुणीतरी म्हणालं होतं की तिचं एके ठिकाणी झालंय. बायोडाट्यात त्याचा उल्लेख नाही. वहिनी, लपवू नका. इथं सगळे एकमेकांना ओळखतात, फोन करून विचारतात. वर्षात सुटलं असेल तर का सुटलं, कुणाच्या बाजूनं सुटलं, ते दोन ओळींत सरळ लिहा.

साधा, एका पानाचा, तिनं स्वतः लिहिलेला पाठवा. भाग्येशचा नको. संपर्कात तुमचा नंबर आहे, तिथं तिचा घाला. समोरच्यांना तुमच्याशी नाही, तिच्याशी बोलायचं असतं.

आपला,
खंडेराव

*

पालघर,
३ ऑक्टोबर २०२५

खंडेराव भावोजींना नमस्कार.

तुमचं पत्र ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. सणाचं म्हणून मी दोन दिवस गप्प बसले, आज लिहितेय.

तुम्ही घरचे आहात, मुलाकडचे नाही, असं मी समजत होते. आकडा घाला म्हणता. मुलीकडच्यांनी आधीच आकडा सांगायचा, ही पद्धत आपल्यात कधी आली? आणि हे गेल्यावर माझ्याकडे आकडा राहिलाय कुठे? पत्रिका तिन्ही वर्षांच्या पाठवा म्हणता. भावोजी, पोर एकदाच जन्मली, पत्रिका एकच. आणि गुण छत्तीसाच्या वर जातच नाहीत, साठ मी कुठून आणू? तुमच्याकडे बोईसरला नवं काही निघालं असेल तर ठाऊक नाही.

आधीच्या ठिकाणाचं तुम्ही विचारलंत, ते मात्र लागलं. कराडचा दिग्विजय. सुपारी फुटली तेव्हा घाईत तुम्हाला बोलावलं नाही, त्याचा राग तुम्ही असा काढाल असं वाटलं नव्हतं. पाच महिन्यांत मोडलं. त्यांच्या बाजूनं म्हणू की आमच्या, मलाच नीट कळलेलं नाही. वैभवी म्हणाली, नाही जमलं आई, आणि पुढं तोंड उघडलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. पत्रिका जुळली होती, माणसं जुळली नाहीत, एवढंच मी धरून चालते. ते दोन ओळींत सरळ लिहा म्हणता. कुठली आई लिहील?

पोरीचा नंबर मी कुणाला देणार नाही. बोलायचं ते माझ्याशी बोला.

चंद्रकांता

*

पालघर,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय खंडेराव काकांना नमस्कार.

आईनं पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते उघडलं आणि माझी चिठ्ठी आत घालतेय. तुमचं पत्रही वाचलं, ते तिनं देव्हाऱ्याखाली ठेवलं होतं.

काका, आईनं पाठवला तो लग्नाचा बायोडाटा होता. तुम्ही तो नोकरीचा म्हणून तपासलात. मी मोरीचं दार लावून हसले. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. मुलगी काय करते हे कुठेच दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर्षभर माझे बायोडाटे गावोगाव फिरतायत, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आईला जे कळलेलं नाही ते तुम्हाला सांगते. सुपारी फुटल्यावर कराडहून निरोप आला की लग्नाआधी मुलीनं बोईसरची नोकरी सोडावी. ती लॅब लहान होती, पण मला आवडायची. तरी सोडली. म्हटलं, तिकडे गेल्यावर दुसरी बघू. मग कळलं की तिकडेही करायची नाही. मी दिग्विजयला फोन करून म्हणाले, असं असेल तर मला माझं काम परत हवंय. तिथं मोडलं. आईला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, पोरीनं हातानं घालवलं. घालवलं हे खरंच आहे, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की लॅबही गेली.

आता सांगलीच्या मावशीनं एक स्थळ आणलंय. तुळशीचं लग्न उरकलं की बघायला येणार. मुलगा चांगला आहे म्हणतात, असेलही. पण माझ्या हातात काही नसताना तो समोर येऊन बसला, तर मी मागच्यासारखी मान हलवीन. मला माझी खात्री नाही काका. हातात नोकरी असली तर त्यालाही दोन प्रश्न विचारता येतील. मला तेवढंच हवंय.

सोबत माझा बायोडाटा आहे, नोकरीचा. आईला इतक्यात काही सांगू नका. उत्तर मी जाते त्या क्लासच्या पत्त्यावर पाठवा, मागे लिहिलाय.

तुमची,
वैभवी

*

बोईसर,
९ ऑक्टोबर २०२५

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

फजिती झाली, मान्य. तेजलला, म्हणजे आमच्या सूनबाईंना, दोन्ही पत्रं दाखवली तर त्या ओट्याला टेकून हसत राहिल्या, भात लागला. माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की गेल्याच आठवड्यात एका फिटरनं बायोडाट्यात स्वतःचं गोत्र लिहून पाठवलं होतं. कंपनीच्या भरतीत जन्म गेलेल्या माणसानं ओळखायचं कसं?

आईला सांगण्याबद्दल. मी खोटं लिहिणार नाही. तिनं विचारलं तर सांगेन. न विचारता सांगत फिरायचा माझा स्वभाव नाही, एवढा फायदा तू घे.

आता तुझा कागद. आईनं पाठवलेल्यापेक्षा बरा, याहून जास्त कौतुक नाही. वरती लिहिलंयस, मेहनती, प्रामाणिक, मिळूनमिसळून काम करणारी. मी आळशी आणि लबाड आहे असं लिहिणारा मला अजून भेटलेला नाही, तेव्हा ही ओळ वाचून कुणाला काही कळत नाही. काढ. छंद काढ. शेवटचं ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ काढ, ती खरी असणारच असं धरलेलं असतं. ईमेलमध्ये प्रिन्सेस आहे. कुठल्या संस्थानची? साधं नाव घालून दुसरा उघड.

मग मुख्य गोष्ट. लॅबच्या कामात ‘मदत केली’ सहा वेळा आलंय. नमुने आणायला मदत, तपासायला मदत, नोंदी ठेवायला मदत. तू मदत करत होतीस तर काम कोण करत होतं? ते सांग, म्हणजे त्यालाच बोलावतो. मुली हा शब्द फार वापरतात. घरात सवय लागते. जे तू केलंस तिथं ‘केलं’ लिही, जे केलं नाहीस ते लिहूच नको.

आणि लॅब सोडल्यापासून आजपर्यंत सगळं कोरं आहे, तिथं ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलंयस. वैयक्तिक म्हटलं की वाचणारा तीनच गोष्टी धरतो: दुखणं, भांडण, बाळंतपण. त्याच्या मनावर सोडू नकोस. एवढे दिवस तू काय करत होतीस?

काका

*

पालघर,
१३ ऑक्टोबर २०२५

काकांना नमस्कार.

काम मीच करत होते. तुमचं वाक्य वाचून आधी राग आला, मग मोजायला बसले. सर दुपारी यायचे, सह्या करायचे आणि जायचे. सकाळी ड्रायव्हरबरोबर जाऊन कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने मी आणायचे. पावसात गमबूट घालून गटाराच्या काठावर उभी राहायचे, बाटलीवर नाव घालायचे, तपासायचे, लिहायचे. आकडा बरोबर वाटला नाही तर पुन्हा तपासायचे. सर म्हणायचे, कशाला, चालतंय. मी तरी करायचे. आता सगळीकडे ‘केलं’ लिहिलंय. वाचताना दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

मधल्या काळात मी रिकामी नव्हते. इथल्या माहीम रोडवरच्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. घरी त्याला काम म्हणत नाहीत, ‘जरा क्लासला जाऊन येते’ म्हणतात. मीही तसंच म्हणायला लागले होते.

कोऱ्या जागेत असं लिहिलंय: ‘लग्न ठरल्यामुळे नोकरी सोडली. लग्न झालं नाही. तेव्हापासून दहावीला विज्ञान शिकवते. आता पूर्ण वेळ लॅबमध्ये परत यायचं आहे.’

हे लिहायला अख्खी दुपार गेली. भाग्येशकडे टाइप करायला गेले तर तो म्हणाला, ताई, हे दुसरं वाक्य चुकून आलंय का? मी म्हटलं, नाही, असू दे. लाज वाटेल असं धरून चालले होते, वाटली नाही. तुम्हाला चालेल का ते सांगा.

वैभवी

*

बोईसर,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

चालेल. दुसऱ्या वाक्यावर मी पेन टेकवला होता, मग उचलला. तसंच राहू दे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कागद एका औषध कंपनीत दिला, एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलसाठी. मी शब्द टाकलेला नाही. फक्त कागद दिला आणि आलो. त्यांनी त्यावरूनच बोलावलंय. गुरुवारी ६ नोव्हेंबरला सकाळी अकरा. तिघे असतील. कंपनीचं नाव-पत्ता वेगळ्या चिठ्ठीत आहे.

पाठ करून जाऊ नकोस. कागदावर जे आहे तेच तोंडात असलं पाहिजे, तेवढ्यासाठीच तो तुझ्याकडून लिहून घेतला. एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हण. गटाराच्या काठाचं जरूर सांग.

आणि आईला सांगून नीघ. कागद सरळ झाला, आता हेही सरळ कर.

काका

*

पालघर,
१ नोव्हेंबर २०२५

खंडेराव भावोजींना सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात मी जास्तच बोलले असेन तर सोडून द्या. तुम्ही मनावर घेतलंत हे आता कळलं. वैभवी म्हणाली, काकांनी गुरुवारी बोईसरला बोलावलंय, तिघे जण बघणार आहेत. पुढं विचारलं तर ‘आई, तुला एक सांगायचंय’ म्हणाली. मग कपाट आवरायला लागली. लाजली असेल. मी म्हटलं, असू दे, भावोजींनाच विचारते.

मुलीनं तिकडे जायची पद्धत आमच्याकडे नाही. पण तुमच्या घरी बैठक आहे म्हटल्यावर माझी काही हरकत नाही. मी बरोबर येणारच. मोत्याचा सेट काढून ठेवलाय. बेसनाचे लाडू करून आणते.

तेवढं लगेच लिहा की तिघे कोण कोण, मुलगा काय करतो, घरात किती माणसं, पिणारं-खाणारं कुणी नाही ना. सांगलीच्या स्थळाला मी तोवर थांबा म्हटलंय.

तुमची वहिनी,
चंद्रकांता

*

बोईसर,
४ नोव्हेंबर २०२५

वहिनींना साष्टांग नमस्कार.

पत्र आत्ता मिळालं. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. गुरुवारी मुलगा वगैरे कुणी नाही. वैभवीची नोकरीची मुलाखत आहे, एमआयडीसीतल्या कंपनीत. तुम्ही पाठवलेला बायोडाटा मी नोकरीचा समजलो. चूक कळल्यावर गप्प बसलो, कारण मुलीला नोकरी हवी आहे आणि तिनं मला तसं लिहिलं. का हवी आहे ते तिला विचारा, मी सांगणं बरोबर नाही. तिला पाठवायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे. लाडू करू नका.

उद्या पोस्टाला सुट्टी आहे आणि हे पत्र गुरुवारच्या आत पोचेल असं मला वाटत नाही. तेजलला फोन करायला सांगितलं तर ती म्हणते, बाबा, हे तुमचं तुम्ही निस्तरा. म्हणून आत्ता मीच फोन करतो. तुम्ही काय बोलाल ते मला ऐकू येणार नाही, पण मी बोलेन ते तुम्हाला ऐकू येईल.

आपला,
खंडेराव

*

पालघर,
८ नोव्हेंबर २०२५

खंडेराव भावोजींना नमस्कार.

तुमचं पत्र आज, शनिवारी आलं. फोन मंगळवारीच आला होता. तुम्ही ‘लाडू नको, वहिनी, लाडू नको’ एवढंच ओरडत होता, मागे तुमच्याकडे कुकर वाजत होता. मला वाटलं, त्यांच्यात कुणाला साखरेचा त्रास असेल. म्हणून चकल्या केल्या.

रिक्षा तुमची गल्ली सोडून पुढं गेली तेव्हा मी रिक्षावाल्याला ओरडले. वैभवी म्हणाली, आई, त्याचं बरोबर आहे. कंपनीच्या गेटावर उतरल्यावर तिनं सांगितलं. चार दिवस सांगायचं म्हणत होती, जमलं नाही म्हणाली. माझ्या कानात मोती, हातात चकल्यांचा डबा, आणि आजूबाजूला बूट घातलेली माणसं आत-बाहेर करत होती. मला फार राग आला. मी म्हटलं, जा तू, मी रिक्षानं परत जाते. ती आत गेली. मी गेले नाही. का गेले नाही, ते मलाही सांगता येणार नाही.

गेटावर जिवल्या नावाचा वॉचमन आहे, विक्रमगडकडचा. त्यानं केबिनमध्ये खुर्ची दिली. मी काही विचारलं नव्हतं, तोच बोलत होता. म्हणाला, “आदीची पोरगी चांगली व्हती आई, पन ती नाय टिकली. दुसरी पाळी रातची सुटं, गाडी बोईसर ठेसनाला सोडून देय. तितून ती एकटीच जाय.”

तासाभरानं मला आत बोलावणं आलं. तीन साहेब होते, त्यातल्या एक बाई. वैभवी टेबलाच्या अलीकडे बसली होती. मोठे साहेब म्हणाले, मुलीनं कागदावर सगळं सरळ लिहिलंय, म्हणून आम्हीही सरळ विचारतो. आई बाहेर आल्यात असं गेटावरून कळलं, तर घरच्यांचाही विचार घ्यावा. ती म्हणते, नोकरी परत हवी म्हणून ठरलेलं लग्न मोडलं. हे खरं आहे का?

भावोजी, माझ्या पोरीचं लग्न का मोडलं, हे मला तीन परक्या माणसांसमोर कळलं. वर्षभर मी माणसं जुळली नाहीत असंच धरून चालले होते. वैभवी माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. मला ठाऊक नाही, एवढं जरी म्हटलं असतं तरी संपलं असतं.

मी म्हटलं, “खरं आहे.”

मग त्यांनी विचारलं, उद्या दुसरं स्थळ आलं तर पुन्हा सोडेल का? आम्ही शिकवायचं आणि तुम्ही घेऊन जायचं, असं नको. मी म्हटलं, ते तिला विचारा, ती बसलीय समोर. ती म्हणाली, “एकदा सोडून बघितली. आता नाही सोडणार.” हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आता माझी पाळी होती. मुलाकडच्यांना विचारायचे म्हणून मी घरून प्रश्न धरून गेले होते, ते मुलगा नसल्यामुळे शिल्लक होते. त्यातले लागू पडतील तेवढे विचारले. पगार महिन्याच्या महिन्याला होतो का? लॅबमध्ये आणखी बायका किती? तिच्या आधीची मुलगी गाडीपायी नोकरी सोडून गेली असं ऐकलं, मग आता दुसऱ्या पाळीला गाडी पालघरपर्यंत, आमच्या दारापर्यंत सोडेल का? साहेब एकमेकांकडे बघायला लागले. त्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग मोठे साहेब उठत म्हणाले, ठीक आहे, कळवतो.

ह्या एका शब्दावर माझं अख्खं वर्ष गेलंय. चहा पिऊन, पोहे खाऊन, पोरीला चालायला लावून, जे उठतात ते हेच म्हणतात. मग आपण फोन हातात घेऊन बसायचं आणि त्यांनी कधीच कळवायचं नाही. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. मी उठले नाही. मी म्हटलं, “नाही साहेब. मुलगी आमची आहे. गाडीचं काय ते तुम्ही लिहून द्या. पाठवायची की नाही, ते आम्ही कळवू.”

वैभवीनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं, मीच घालवलं. बाहेर येऊन दोघी रिक्षात बसलो आणि पालघर गाठलं. चकल्या जिवल्याच्या केबिनमध्येच राहिल्या.

काल दुपारी तिच्या ईमेलवर आलं. पगार, कामाच्या वेळा, आणि खाली वेगळ्या ओळीत, दुसऱ्या पाळीला पालघरच्या घरापर्यंत गाडी. तिनं मला तीनदा वाचून दाखवलं. गाडीची ओळ मी पुन्हा एकदा वाचायला लावली.

तुमच्यावर माझा राग आहे. पोरीनं लपवलं त्याचं एक वेळ समजते, तुम्ही मोठे असून गप्प बसलात. तो राग उतरायला वेळ लागेल, तोवर घरी येऊ नका. सांगलीच्या मावशीला फोन केला, म्हटलं, त्यांना यायचं असेल तर रविवारी येऊ दे, बाकीचे दिवस मुलगी कामावर असणार. मावशी म्हणाली, अगं, असं सांगतात का? मी म्हटलं, आपण सांगितलं, आता त्यांनी ठरवावं.

आज सकाळी वैभवी चहा गाळत होती. मी तिला विचारलं, पसंत आहे ना तुला? ती म्हणाली, काय? मी म्हटलं, कंपनी. ती गाळणी हातात घेऊन उभी राहिली आणि मग म्हणाली, हो आई, पसंत आहे.

तेव्हा हे पत्र मिळालं की स्वतः तिकडे जा आणि त्यांना सांगा, आमच्याकडून होकार आहे.

चंद्रकांता